फुंक बरोबर, तरच रिपोर्ट बरोबर

धाप लागते, खोकला महिनोन्महिने जात नाही, रात्री छातीत घरघर होते, अशी तक्रार घेऊन गेलेल्या रुग्णाला डॉक्टर ‘फुंकण्याची तपासणी’ करून घ्यायला सांगतात. या तपासणीचे नाव स्पायरोमेट्री. काही जण तिला पीएफटी असेही म्हणतात. पूर्वी ही सोय फक्त मोठ्या शहरांतील रुग्णालयांत होती. आता लहान गावांतील छातीच्या डॉक्टरांकडे आणि कधी कधी मोफत शिबिरांतही तळहातावर मावेल एवढ्या यंत्रावर ती केली जाते. ही चांगलीच गोष्ट आहे. पण या तपासणीचा एक स्वभाव आहे, तो माहीत नसेल तर फायद्याऐवजी तोटा व्हायचा.

रक्ततपासणीत रुग्णाने हात पुढे करायचा, एवढेच त्याचे काम. क्ष-किरण फोटोत क्षणभर श्वास रोखून उभे राहायचे. स्पायरोमेट्रीत मात्र सगळी मेहनत रुग्णाची असते. यंत्र फुप्फुसाच्या आत डोकावत नाही. रुग्णाने जी फुंक मारली ती, आणि तेवढीच, ते मोजते. फुंक अर्धवट असेल, किंवा यंत्रच कमी-जास्त दाखवत असेल, तर धडधाकट माणूस रोगी ठरतो आणि खरा रोगी ‘नॉर्मल’ ठरतो. पहिल्याला नको ती औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत तो नापास होऊ शकतो. दुसऱ्याचा आजार आतल्या आत वाढत राहतो. म्हणून ही तपासणी नीट कशी होते, हे रुग्णानेही समजून घेतलेले बरे.

यंत्र काय मोजते?

इंग्लंडमधील डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये आपल्या स्पायरोमीटरची माहिती प्रसिद्ध केली. पाण्यात एक पिंप उलटे तरंगत ठेवलेले असे. नळीतून फुंकले की हवा पिंपात शिरून ते वर उचलले जाई. ते किती उचलले गेले यावरून हवा मोजायची. हचिन्सन यांनी दोन हजारांहून अधिक माणसांची मापे घेतली. उंच माणसाची फुंक मोठी असते, आणि उंचीच्या दर इंचामागे ती सुमारे ८ घन इंचांनी, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे १३० मिलिलिटरने वाढते, असे त्यांना आढळले. पुढे १९४७ मध्ये फ्रान्समधील तिफनो यांनी, एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडते याला महत्त्व दिले. आजची तपासणी या दोन कल्पनांवरच उभी आहे.

छाती भरून श्वास घेऊन, जोर लावून, शेवटपर्यंत फुंकल्यावर जेवढी हवा बाहेर येते तिला एफव्हीसी म्हणतात. त्यातील पहिल्या सेकंदात येणारी हवा म्हणजे एफईव्ही-वन. निरोगी प्रौढ माणूस एकूण हवेपैकी साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. दम्यात किंवा सीओपीडीमध्ये, म्हणजे विडी-सिगारेट, चुलीचा धूर, धूळ यांमुळे होणाऱ्या श्वासनलिकांच्या कायमच्या विकारात, वाट अरुंद होते. मग हवा हळूहळू बाहेर पडते आणि हे प्रमाण घटते.

कितीही जोराने फुंकले तरी फुप्फुसात लिटरभर किंवा त्याहून अधिक हवा शिल्लक राहतेच. ती या यंत्राला मोजता येत नाही. म्हणून ‘एफव्हीसी कमी आहे’ एवढ्यावरून फुप्फुस आकसले आहे असे ठरवता येत नाही. त्यासाठी मोठ्या रुग्णालयातील वेगळी तपासणी लागते.

यंत्राचा काटा बरोबर आहे का?

किराणा दुकानातील वजनकाट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. स्पायरोमीटरचा काटा तपासण्यासाठी तीन लिटर हवा मावणारी एक मोठी पिचकारी असते. ज्या दिवशी तपासण्या करायच्या त्या दिवशी आधी या पिचकारीने हळू, मध्यम आणि जोरात अशी तीन वेळा हवा यंत्रात ढकलायची. प्रत्येक वेळी यंत्राने तीन लिटरच्या आसपास, म्हणजे २.९१ ते ३.०९ लिटरच्या दरम्यान आकडा दाखवला पाहिजे. तो त्याबाहेर गेला तर दोष सापडेपर्यंत रुग्णाची तपासणी करू नये. समजा यंत्र तीन लिटरला २.७ दाखवत असेल, तर त्या दिवशी आलेल्या प्रत्येक माणसाची हवा दहा टक्क्यांनी कमी भरेल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. ‘आमच्या यंत्राला कॅलिब्रेशन लागत नाही’ असे विक्रेत्याने सांगितले तरी ही पडताळणी करावीच. तिची तारीखवार नोंदही वहीत ठेवावी.

पिचकारी नसलेल्या वेळी यंत्रावर नजर ठेवण्याचा आणखी एक साधा उपाय आहे. केंद्रातील एखाद्या निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या कर्मचाऱ्याने ठरावीक दिवसांनी स्वतः फुंकायचे आणि आकडे लिहून ठेवायचे. त्याचा आकडा एकाएकी बदलला तर संशय यंत्रावर घ्यावा. अर्थात हा उपाय पिचकारीची जागा घेऊ शकत नाही.

यंत्र बिघडण्याची कारणे बहुधा साधीच असतात. काही यंत्रांत लहानसे चक्र फिरते. त्यात केस, कापसाचा तंतू अडकला की ते अडखळते. काही यंत्रांत बारीक जाळी असते. तिच्यावर थुंकी किंवा बाष्प साचले की आकडे चुकतात. फुंकण्याआधी यंत्र क्षणभर ‘शून्य’ ठरवून घेते. त्या वेळी पंख्याचा वारा नळीत शिरला किंवा रुग्णाने यंत्र हलवले, तर शून्यच चुकते आणि पुढचे सगळे आकडे त्याच्यामागे चुकत जातात. तपासणीच्या वेळी पंखा बंद करायला सांगितला तर कुरकुर करू नये, ती याचसाठी.

तापमानाचाही हिशेब असतो. शरीरातील हवा ३७ अंशांची असते. बाहेर थंड खोलीत आली की ती आकुंचन पावते. यंत्र ही तूट भरून काढते, पण त्यासाठी खोलीचे तापमान त्याला बरोबर कळले पाहिजे. मे महिन्यात बंद मोटारीत तापलेले यंत्र शिबिराच्या मांडवात आणून लगेच सुरू करणे चुकीचे आहे. यंत्र आणि पिचकारी दोन्ही आधी त्या जागेच्या हवेत काही वेळ ठेवावीत.

तपासणीला जाण्यापूर्वी

आपण कोणती औषधे घेतो, हे डॉक्टरांना आधी सांगावे आणि कोणते औषध किती तास थांबवायचे ते विचारून घ्यावे. निदानासाठी तपासणी असेल तर लगेच आराम देणारा साल्बुटामॉलचा पंप साधारण चार ते सहा तास आधीपासून घेत नाहीत. दिवसातून दोनदा घ्यायचे लांब परिणामाचे पंप सुमारे २४ तास आणि काही औषधे त्याहूनही अधिक काळ थांबवावी लागतात. उपचार कसा लागू पडतो आहे हे पाहण्यासाठी तपासणी असेल, तर औषधे नेहमीप्रमाणे चालू ठेवायला सांगतात. म्हणून स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. वाटेत धाप लागली तर पंप जरूर घ्यावा, मात्र केव्हा घेतला ते तंत्रज्ञाला सांगावे.

तपासणीपूर्वी निदान तासभर विडी-सिगारेट ओढू नये आणि दमछाक होईल असे कष्ट करू नयेत. आदल्या आठ तासांत मद्य घेऊ नये. भरपेट जेवून जाऊ नये. तंबाखू, पान, गुटखा किंवा मिश्री तोंडात असेल तर स्वच्छ चूळ भरावी. घट्ट पट्टा, परकराची करकचून बांधलेली नाडी, अंगाला दाटणारे कपडे सैल करावेत, नाहीतर पोट आणि छाती पुरती फुगत नाही. कवळी घट्ट बसत असेल तर तोंडातच ठेवावी, म्हणजे ओठ नीट मिटतात. सैल असेल तर काढावी.

उंची मोजताना चपला-बूट काढून, टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभे राहावे. ‘उंची किती?’ असे विचारून ऐकीव आकडा यंत्रात भरणे बरोबर नाही. तुमचे वय, उंची आणि तुम्ही स्त्री की पुरुष यावरून यंत्र तुमची अपेक्षित हवा ठरवते. हचिन्सन यांचाच हिशेब धरला, तर दोन इंचांच्या चुकीने पाव लिटरचा फरक पडतो. पाठीला बाक आलेल्या वृद्धांची उंची दोन्ही हात आडवे पसरून, बोटांच्या टोकांमधील अंतरावरून काढता येते.

कोणी थांबावे?

जोराने फुंकताना छाती, पोट, डोळे आणि मेंदू यांवरील दाब वाढतो. निरोगी माणसाला त्याचे काही वाटत नाही. मात्र हृदयविकाराचा झटका येऊन आठवडा झालेला नसेल, मोतीबिंदूची किंवा डोळ्याची दुसरी शस्त्रक्रिया, कानाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया गेल्या आठवड्यात झाली असेल, छाती, पोट किंवा मेंदूची शस्त्रक्रिया होऊन चार आठवडे झाले नसतील, तर तपासणी सहसा पुढे ढकलतात. फुप्फुसाभोवती हवा भरलेली असणे, खोकल्यातून रक्त पडणे, रक्तदाब फार वाढलेला असणे, मेंदूतील रक्तवाहिनीला फुगवटा असणे, गर्भारपणाचे शेवटचे दिवस, या गोष्टीही आधी सांगाव्यात. यातील बऱ्याच बाबतींत कायमची बंदी नसते, फायदा आणि धोका तोलून डॉक्टर निर्णय घेतात. पण डॉक्टरांना हे कळलेच नाही तर ते निर्णय घेणार कसा?

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल, तर आधी क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. रुग्ण जोराने फुंकतो आणि मध्येच खोकतो, तेव्हा जंतू खोलीभर पसरतात. २०२० मध्ये करोनाच्या साथीत जगभर ही तपासणी बऱ्याच ठिकाणी काही काळ थांबवावी लागली, ती याच भीतीने. म्हणून प्रत्येक रुग्णाला नवे माउथपीस आणि जंतू अडवणारा नवा फिल्टर द्यायला हवा. नुसती पुठ्ठ्याची नळी बदलून भागत नाही, कारण नळीच्या पुढचा भाग सर्वांना सामाईक असतो. हा फिल्टर पिशवीतून आपल्यासमोर काढला जात आहे ना, हे पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. खोलीच्या खिडक्या उघडणे, दोन रुग्णांमध्ये थोडा वेळ जाऊ देणे आणि तंत्रज्ञाने हात धुणे यांनाही तेवढेच महत्त्व आहे.

फुंकायचे कसे?

हात असलेल्या आणि चाके नसलेल्या खुर्चीवर ताठ बसावे. काहींना जोराने फुंकताना क्षणभर चक्कर येते, म्हणून उभे राहण्यापेक्षा बसणे सुरक्षित. दोन्ही पावले जमिनीवर टेकलेली आणि हनुवटी किंचित वर असावी. नाकाला चिमटा लावावा. माउथपीस दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत, जीभ नळीच्या आड येऊ देऊ नये.

मग छाती काठोकाठ भरेपर्यंत श्वास घ्यावा. तो रोखून न धरता एकदम, सारा जोर एकवटून, फुंक मारावी. आणि इथेच बहुतेकांची चूक होते : पहिल्या झटक्यानंतर फुंक संपली असे समजून ते थांबतात. आता हवा येत नाही असे वाटले तरी, तंत्रज्ञ थांबा म्हणेपर्यंत फुंकत राहायचे असते. अरुंद श्वासनलिकांच्या रुग्णाला याला दहा-पंधरा सेकंदही लागू शकतात. शेवटी बहुतेक यंत्रांवर पुन्हा एकदा पूर्ण श्वास आत घ्यायला सांगतात.

लवकर थांबल्याने काय होते ते पाहा. एका विडी ओढणाऱ्या गृहस्थांची एकूण हवा तीन लिटर आहे आणि पहिल्या सेकंदात १.८ लिटर बाहेर पडते, असे समजू. प्रमाण ६० टक्के, म्हणजे अडथळा उघड आहे. हेच गृहस्थ मध्येच थांबले आणि एकूण हवा २.४ लिटरच नोंदली गेली, तर पहिल्या सेकंदाची हवा तेवढीच राहून प्रमाण ७५ टक्के येते. रिपोर्ट ‘नॉर्मल’, विडी चालू आणि आजारही चालू! याउलट श्वासच अर्धा घेतला तर एकूण हवा कमी भरते आणि फुप्फुस आकसल्याचा खोटा संशय येतो.

म्हणून एका फुंकीवर भागत नाही. निदान तीन चांगल्या फुंका मिळाल्या पाहिजेत आणि त्यांतील सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत १५० मिलिलिटरहून जास्त फरक नसावा. त्यासाठी मोठ्या माणसाला आठपर्यंत प्रयत्न करू देतात. पुन्हा पुन्हा फुंकायला लावणारा तंत्रज्ञ त्रास देत नसतो, तो आपले काम चोख करत असतो. ‘एकदा फुंका, झाले’ म्हणणाऱ्याकडेच शंकेने पाहावे. मात्र चक्कर आली, छातीत दुखले किंवा फार धाप लागली तर लगेच थांबून सांगावे.

यानंतर पुष्कळदा साल्बुटामॉलचे चार पफ स्पेसरमधून देऊन पंधरा मिनिटांनी तपासणी पुन्हा करतात. औषधाने श्वासनलिका किती उघडल्या हे त्यावरून कळते. घाईने पाच मिनिटांतच दुसरी फुंक घेतली, तर औषधाचा पुरता परिणाम दिसत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टचा अर्थ लावणे डॉक्टरांचे काम आहे. पण तीन गोष्टी आपणही पाहाव्यात. पहिली, नाव, वय, उंची बरोबर आहे का? दुसरी, किती फुंका घेतल्या आणि दर्जा कोणता? नवी यंत्रे ए, बी, सी अशी श्रेणी छापतात. ती रुग्णाच्या प्रकृतीची नसून तपासणीच्या दर्जाची असते. डी, ई किंवा एफ श्रेणीच्या रिपोर्टवर आयुष्यभराचे निदान ठरवू नये. तिसरी, आलेख. चांगली फुंक एकदम उंच टोकाला जाऊन सावकाश उतरते. रेषा दातेरी असेल तर मध्येच खोकला आला असावा, आणि शेवटी ती कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली आली असेल तर फुंक लवकर संपवली असावी.

पहिल्या सेकंदाचे प्रमाण ७० टक्क्यांहून कमी म्हणजे अडथळा, हा ढोबळ नियम सोयीचा असला तरी वयाबरोबर हे प्रमाण सर्वांचेच घटते. त्यामुळे सत्तरी ओलांडलेला निरोगी माणूस त्यात उगाच अडकू शकतो आणि आजारी तरुण सुटू शकतो. म्हणून तज्ज्ञ वयानुसार ठरलेली खालची मर्यादा पाहतात. अपेक्षित हवा कोणत्या लोकांच्या मापांवरून काढली, यानेही टक्केवारी बदलते. युरोपीय मापे जशीच्या तशी लावली तर भारतीय माणसाची हवा कमी दिसते, म्हणून आपल्याकडील डॉक्टरांनी भारतीयांची स्वतंत्र मापे काढली आहेत. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये मात्र वंशनिहाय मापांऐवजी सर्वांसाठी एकच मापे वापरण्याची शिफारस केली. यातून रुग्णाने घ्यायचा धडा एकच : जुने रिपोर्ट जपून ठेवावेत आणि शक्यतो त्याच केंद्रात तपासणी करावी. टक्केवारीपेक्षा आपलेच लिटरमधील जुने-नवे आकडे ताडून पाहणे अधिक भरवशाचे.

दम्यात एक गोष्ट विसरू नये. बरे वाटत असलेल्या दिवशी दम्याच्या रुग्णाचा रिपोर्ट अगदी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून लक्षणांना रिपोर्टइतकेच महत्त्व आहे. शिबिरात घेतलेली फुंक ही चाळणी समजावी. तीत काही आढळले तर नीट तपासणी करून घ्यावी, थेट औषध सुरू करू नये.

घरची साधने

दम्याच्या रुग्णांसाठी पीक फ्लो मीटर हे स्वस्त साधन आहे. त्यात फुंकीचा सर्वांत जास्त वेग मोजला जातो. काटा शून्यावर आणावा, उभे राहावे, पूर्ण श्वास घेऊन एकच जोराची, छोटी फुंक मारावी. येथे शेवटपर्यंत फुंकायचे नसते. बोट काट्याच्या खाचेवर येऊ देऊ नये. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहावा. सकाळ-संध्याकाळ, औषधापूर्वी, नेहमी त्याच मीटरवर. बरे असतानाच्या आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर असाल तर ठीक. ५० ते ८० टक्के म्हणजे सावध राहून डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे औषध वाढवण्याची वेळ. ५० टक्क्यांखाली गेल्यास आराम देणारा पंप घेऊन लगेच दवाखाना गाठावा. मीटर कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा.

शस्त्रक्रियेनंतर मिळणारे तीन चेंडूंचे साधन मात्र तपासणीचे यंत्र नव्हे. ते व्यायामासाठी असते आणि त्यात फुंकायचे नसून श्वास आत ओढायचा असतो. ‘तिन्ही चेंडू वर गेले, म्हणजे फुप्फुस ठणठणीत’ असा निष्कर्ष काढू नये. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचेही तसेच. ऑक्सिजन पुरेसा दिसत असतानाही श्वासनलिका बऱ्याच अरुंद झालेल्या असू शकतात.

तपासणीला जाल तेव्हा तंत्रज्ञाला नम्रपणे तीन प्रश्न विचारा : आज यंत्र पिचकारीने तपासले का, माझ्यासाठी नवा फिल्टर आहे ना, आणि माझ्या तीन फुंका जुळल्या का? चांगल्या केंद्रात या प्रश्नांचा कोणाला राग येणार नाही. आणि मग आपल्या वाट्याचे काम, ती फुंक, शेवटपर्यंत मारा.